रिपोर्ट नॉर्मल, तरी जीव थाऱ्यावर नाही

प्रश्न

डॉक्टरबाई, नमस्कार.

मी डिचोली तालुक्यात राहते, सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. वय ४७. घरी नवरा, सासूबाई आणि फर्मागुडीला इंजिनियरिंग करणारा मुलगा. मुलगी लग्न होऊन पुण्याला.

वर्षभरापासून माझी पाळी बिघडलीय. कधी तीन आठवड्यांत हजर, कधी दोन महिने पत्ता नाही, आणि आली की धो धो. वयच आहे म्हणून ते मी सोसते. पण त्याच्याबरोबर जे मागे लागलंय ते सोसवत नाही. रात्री दोन-तीनला दचकून जाग येते. छातीत धडधडत असतं, गाऊन घामाने ओला. मग झोप गेलीच. पडल्या पडल्या मोबाईलवर शोधत बसते. धडधड शोधली की हार्ट, बोटांच्या मुंग्या शोधल्या की मेंदूची नस, पोट फुगलं शोधलं की अंडाशयाचा कॅन्सर. पहाटे पाववाल्या पोदेराची पोंपों ऐकू येईपर्यंत मला दोन-तीन आजार होऊन गेलेले असतात.

गेल्या गणेश चवथीला तर कहर झाला. आरती चालू होती, घुमट वाद्य तापलं होतं, आणि माझ्या छातीतले ठोके घुमटाच्याही पुढे पळायला लागले. मुलाने दिलेलं स्मार्टवॉच मनगटावर थरथरलं. बघितलं तर १२८. हातातलं तबक जावेकडे दिलं आणि मागच्या दारी तुळशीच्या पेडावर जाऊन बसले. नवऱ्याने गाडी काढली. रात्री एका खासगी हॉस्पिटलात ईसीजी, रक्त, सगळं नॉर्मल. तिथले डॉक्टर म्हणाले, काही नाही, टेन्शन घेऊ नका. चार दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. तेव्हापासून इको झाला, ट्रेडमिल झाली, पोटाची सोनोग्राफी, मेंदूचा एमआरआय. कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर कपाटातून निघून उशीखाली आलाय. दिवसातून किती वेळा छाती चाचपून गाठ शोधते ते लिहायची लाज वाटते.

२०२१ च्या मेमध्ये माझे थोरले दीर आठवड्याभरात गेले. त्यांनाही सुरुवातीला ‘काही नाही, साधा ताप’ म्हणालेले. तेव्हापासून कुणी ‘काही नाही’ म्हटलं की माझ्या पोटात गोळाच येतो.

सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. नवरा भला माणूस, पण आता फाईल बघितली की तोही उसासा सोडतो. डॉक्टर, मी कधीच भित्री नव्हते. खाण बंद पडून ह्यांचं काम गेलं तेव्हा घर मी एकटीने ओढलं. मग आताच असं का? कुणाला सापडत नाही असा काही आजार आहे, की माझंच डोकं फिरलंय?

— एक वाचक, डिचोली

उत्तर

बाई, तुम्ही पत्रासोबत रिपोर्टांच्या झेरॉक्स जोडल्यात, ते बरं केलंत. सगळे वाचले. हृदयासाठी या वयात जे बघायचं ते बघून झालंय आणि ते चांगलं आहे. मेंदूही जागेवर आहे. डोकं फिरलेलं नाही, हे मी एमआरआय न बघताही सांगितलं असतं. एवढं नेमकं पत्र फिरलेल्या डोक्याच्या माणसाकडून येत नाही.

गंमत मात्र अशी की एवढ्या जाड फाईलमध्ये साध्या, स्वस्त गोष्टीच राहून गेल्यात. हिमोग्लोबिन आणि अंगातला लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन नाही. थायरॉईडची टीएसएच नाही. त्या रात्री ‘रक्त’ म्हणून जे तपासलं ते ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झालीय का ते बघणारं. ते त्या वेळी योग्यच होतं. पण पाळी धो धो जाणाऱ्या बाईच्या अंगातलं लोह कधीच तळाला गेलेलं असू शकतं, आणि लोह उतरलं की बसल्या जागी धडधडतं, धाप लागते, हातपाय गळतात. थायरॉईड जास्त चालली तरी धडधड, घाम, हाताची थरथर, उडालेली झोप, तुमच्या पत्रातली अर्धी यादी. तिसरी गोष्ट गर्भाशयाच्या अस्तराची. सोनोग्राफीच्या कागदावर त्याची जाडी लिहिलेली नाही. वय ४५ च्या पुढे आणि रक्तस्राव असा बेभरवशाचा व जास्त, तर स्त्रीरोगतज्ज्ञ अस्तराचा छोटा नमुना घेऊन तपासायला सांगतात. घाबरून नाही, रीत म्हणून. हे एकदा करून घ्या. साखर आणि रक्तदाब त्याच फेरीत होऊन जाईल.

एफएसएच नावाची हॉर्मोनची तपासणी कुणी सुचवली तर पैसे वाचवा. पंचेचाळिशीनंतर लक्षणं एवढी स्पष्ट असताना ती लागत नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१५ पासून तसं लिहूनच ठेवलंय. या काळात एफएसएच आज वर, पुढच्या आठवड्यात खाली. त्यावरून काहीच ठरत नाही.

आता ‘आताच असं का’ याचं उत्तर. आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते. पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. जाण्याआधीची तीन-चार वर्षं, कुणाची त्याहून जास्त, ही अशीच खडबडीत असतात. बहुतेकींना वाटतं की या काळात इस्ट्रोजेन हळूहळू उतरत जातं. तसं सरळ ते उतरत नाही. एखाद्या महिन्यात ते विशीतल्यापेक्षाही वर उडतं आणि पुढच्या महिन्यात कोसळतं. त्याच वेळी बीज सुटणं चुकायला लागतं, त्यामुळे प्रोजेस्टेरॉन आधी कमी होतं. प्रोजेस्टेरॉनपासून मेंदूत ॲलोप्रेग्नॅनोलोन नावाचा एक पदार्थ बनतो. तो मेंदूला शांत करणाऱ्या गाबा यंत्रणेवर काम करतो. म्हणजे इतकी वर्षं दर महिन्याला जे शामक तुम्हाला घरच्या घरी मिळत होतं, त्याचा रतीब आता चुकतोय. वर मेंदूतला तापमान सांभाळणारा भाग जरा जास्तच हळवा होतो. खोली किंचित तापली तरी त्याला वणवा लागल्यासारखं वाटतं, मग घाम सोड, रक्तवाहिन्या फुलव, ठोके वाढव. पुष्कळ जणींना धडधड आधी जाणवते आणि गरम लाट मागून येते. मी स्वतः या सगळ्यातून गेलेय. रात्री तीनला धडधडून उठलं की पुस्तकात वाचलेलं सगळं विसरतं, एवढं सांगते.

‘मी कधीच भित्री नव्हते’ हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. अमेरिकेत ‘स्वान’ नावाच्या मोठ्या अभ्यासात तीन हजारांहून जास्त बायकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला गेला. २०१३ मध्ये त्यातून पुढे आलं ते असं : ज्या आधी फारशी चिंता करणाऱ्या नव्हत्या, त्यांच्यातच पाळी जाण्याच्या काळात चिंता वाढण्याची शक्यता जास्त. ज्या आधीपासून चिंतातुर, त्या होत्या तशाच राहिल्या. तेव्हा खाणबंदीत घर ओढणारी बाई आज ऑक्सिमीटर उशीखाली घेऊन झोपते, यात तुमच्या स्वभावाचा काही दोष निघत नाही.

चवथीचं बघा. आदल्या दिवशी तयेचा म्हणजे हरतालिकेचा उपास, दोन दिवस जागरण, माटोळी, नेवऱ्या, भाद्रपदातला उकाडा, माणसांनी भरलेली खोली, धूप-कापूर, आणि तुम्ही तबक धरून उभ्या. तिथे कुणाचेही ठोके शंभरावर जातात. त्यात एक गरम लाट आली. ठोके १२८ झाले तिथपर्यंत हॉर्मोनचं काम होतं. १२८ हा आकडा वाचल्यावर जे झालं ते भीतीचं. भीती वाटली की श्वास उथळ आणि भरभर होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, आणि बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात. मुंग्या आल्या की मेंदूची नस आठवते. मग पुन्हा श्वास. तुमचा एमआरआय इथून जन्माला आला.

शरीराकडे कान लावून बसलं की ते बोलायला लागतंच. आपल्या कांदोळीच्या आबे फारिया या संमोहन करणाऱ्या पाद्रीने दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये भरल्या सभेत हेच दाखवलं होतं : झोपवणाऱ्याच्या हातातून कसला प्रवाह वगैरे निघत नाही, जे घडतं ते झोपणाऱ्याच्या एकाग्रतेतून आणि अपेक्षेतून. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारचा त्याचा पुतळा बघून पर्यटक काय काय समजतात, तो विषय वेगळा. त्याचीच एक गोष्ट सांगतात की पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचनाला उभा राहिला आणि वाचाच बसली, तेव्हा बापाने खालून कोकणीत म्हटलं, ‘पुता, ही सगळी भाजी, कातर रे भाजी.’ म्हणजे समोरचे सगळे भाजीच समज आणि बिनधास्त काप. आणि पोराचं तोंड उघडलं. धास्ती कुणालाही वाटते. फारियालाही वाटली.

तर आता कामाचं. तुम्ही जे जे करताय — नाडी बघणं, छाती चाचपणं, शोधणं, नवऱ्याला विचारणं, नवी तपासणी — त्याने घटकाभर बरं वाटतं, म्हणूनच ते सुटत नाही. डास चावलेल्या जागी खाजवावं तसं आहे ते. ‘नॉर्मल’ रिपोर्ट चार दिवस पुरला, पुढचा दोन दिवस पुरेल. हे तुम्ही स्वतःच लिहिलंय. म्हणून वर सांगितलेल्या तपासण्या झाल्या की तपासायचं दुकान बंद.

एकदम सगळं सोडू नका, जमणार नाही. सोप्यापासून सुरू करा. ऑक्सिमीटरचे सेल काढा आणि तो मुलाकडे देऊन टाका. त्याला ठोक्यांचं कारण कळत नाही, बोट गार असलं किंवा नखाला रंग असला तर तो खोटंही सांगतो. घड्याळ शाळेत वेळ बघायला घाला, रात्री काढून ठेवा, आणि ठोक्यांच्या सूचना मुलाकडून बंद करून घ्या. मोबाईल रात्री चार्जिंगला हॉलमध्ये, तुमच्या खोलीत नाही. अलार्मसाठी साधं घड्याळ आणा.

छातीची तपासणी महिन्यातून एकदा. पाळी बेभरवशाची झाल्यामुळे तारीखच ठरवा, समजा दर एक तारखेला, अंघोळीच्या वेळी. रोज दाबून दाबून तिथलं मांस दुखायला लागतं आणि मग दुखतंय म्हणून आणखी दाबलं जातं, हे मी ओपीडीत पाहत आलेय. काखेतल्या गाठींचंही तसंच. मॅमोग्राम कधी करायचा ते तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांबरोबर एकदा ठरवा आणि ती तारीख कॅलेंडरवर लिहून विसरा.

तपासायची ऊर्मी आली की पंधरा मिनिटं थांबायचं. नाही म्हणायचं नाही, फक्त थांबायचं. ऊर्मी चढते आणि उतरतेही. ते उतरणं तुम्ही बरेच दिवस पाहिलेलंच नाही, कारण त्याआधीच हात मनगटावर जातो.

एक वही करा, पण रात्री आठलाच उघडायची. आज काय झालं, किती वाजता, तेव्हा काय चाललं होतं, झोप कशी झाली, पाळीचा कितवा दिवस. बस. ठोक्यांचे आकडे लिहायचे नाहीत, नाहीतर वहीच दुसरा ऑक्सिमीटर होईल. दोन-तीन महिन्यांत तुम्हालाच दिसेल की धडधड कुठल्या दिवसांत गर्दी करते. कुठलाही नवा त्रास आला आणि तो मी खाली लिहिलेल्या यादीतला नसला, तर वहीत नोंद आणि दोन आठवडे वाट. राहिला तर डॉक्टर. आणि डॉक्टर एकच. चार डॉक्टर म्हणजे चार फाईली.

यानंतरचं थोडं उलटं वाटेल. मुद्दाम ठोके वाढवा. तुमची ट्रेडमिल नॉर्मल आहे, तेव्हा भीती नाही. संध्याकाळी ह्यांना घेऊन मयेच्या तळ्यावर जा आणि धाप लागेल असं चाला. ठोके चढतील, घाम येईल, मग बसा आणि ते आपोआप उतरताना अनुभवा, मनगटाला हात न लावता. धडधड म्हणजे संकट, अशी जी गाठ मनात बसलीय ती बोलण्याने कमी आणि अशा चालण्याने जास्त सुटते. रात्री लाट आली तर श्वास सोडणं लांबवा. घेताना चार अंक, सोडताना सहा-सात. ज्यांना अंक मोजणं जमत नाही त्यांना मी आरतीचं एक लांब कडवं मनातल्या मनात न घाई करता म्हणायला सांगते. संध्याकाळनंतर चहा-कॉफी नको. आणि घरात कार्याच्या निमित्ताने वाइन किंवा फेणीचा घोट होत असेल, तर त्या रात्री लाटा जास्त येतात की नाही ते वहीत बघा.

हे करून भागलं नाही तर औषध घ्यायला कचरू नका. गरम लाटा आणि घाम रोखायला हॉर्मोन थेरपीइतकं दुसरं काही चालत नाही. ‘हॉर्मोन म्हणजे कॅन्सर’ ही धास्ती २००२ मधल्या एका अमेरिकन अभ्यासापासून पसरली. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, हे मागे राहून गेलं. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टोजेन बरोबर घेतल्यास स्तनाच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो, हे खरं. पण साठीच्या आत, त्रास असताना सुरू केली तर बहुतेकींच्या बाबतीत फायद्याचं पारडं जड असतं. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेला, रक्ताच्या गुठळ्या झालेल्या, किंवा रक्तस्रावाचं कारण अजून कळलेलं नाही, अशांना ती देत नाहीत. म्हणून तुमच्या अस्तराचा निकाल आधी. धो धो जाण्यावर हॉर्मोनची तांबी हा चांगला उपाय आहे, आणि गर्भ राहण्याची काळजीही मिटते. हो, ती काळजी अजून आहे. पाळी दोन महिने आली नाही म्हणजे सुटलो असं नसतं.

भीतीसाठी म्हणाल तर सीबीटी नावाची बोलण्याची उपचारपद्धत आहे. लंडनमध्ये मायरा हंटर यांनी ती खास रजोनिवृत्तीसाठी बसवली. २०१२ च्या चाचणीत लाटांचा त्रास तिने बराच कमी झाला. आणि या बाबतीत आपला गोवा काही मागे नाही. इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगाथ’ संस्थेने गावातल्याच माणसांना समुपदेशनाचं शिक्षण देऊन नैराश्य-चिंतेच्या रुग्णांना मदत केली. सरकारी केंद्रांत त्याचा उपयोग झाल्याचं २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. बांबोळीच्या आयपीएचबी या सरकारी मानसोपचार संस्थेत ओपीडी आहे. आल्तिनोवरचं पूर्वीचं आबे फारिया हॉस्पिटल ते हेच. तिथे गेलं की लोक काय म्हणतील, असं वाटत असेल तर आधी घरातून १४४१६ फिरवा. ती टेलिमानसची मोफत सेवा आहे, रात्रीही चालते, मराठीत बोलता येतं. लागलीच तर चिंतेवरची एसएसआरआय गटातली गोळी डॉक्टर देतील. ती महिनाभरात लागू पडते आणि सवय लावत नाही. पण शेजारणीकडून अल्प्राझोलाम ही शामक गोळी मागून घेऊ नका. रात्र निघते, पण पुढच्या रात्री ती नसली की हाल कुत्रा खात नाही.

दिरांबद्दल. त्या मेमध्ये गोव्यातल्या किती घरांना ‘साधा ताप’ या शब्दांनी चटका दिला, तुम्ही एकट्या नाही. तुमचा अविश्वास मला वावगा वाटत नाही. म्हणून तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा : ‘काही नाही’ म्हणू नका, काय आहे आणि काय नाही ते नाव घेऊन सांगा. तो तुमचा हक्क आहे. ‘टेन्शन घेऊ नका’ या वाक्याचा मला मनस्वी कंटाळा आहे. बाजारातून कुणी पिशवीत घालून टेन्शन घेऊन येत नाही.

आणि वाट न बघण्याची यादी, एकदाच वाचून वहीच्या मागच्या पानावर लिहा. चालताना-चढताना छातीत दाब येणं, तो जबड्यात, पाठीत, हातात जाणं. धडधडीबरोबर घेरी येऊन पडणं. एक बाजू लुळी, तोंड वाकडं, बोलणं अडखळणं. बसल्या जागी धाप जी थांबतच नाही. यापैकी काही झालं तर वही नको, पंधरा मिनिटं नकोत, सरळ १०८. पाळी गेल्यावर बाईच्या हृदयाचा धोका वाढतो हे खरं आहे आणि ते तुम्ही विसरावं असं मी म्हणणार नाही. तासाला एक पॅड भिजत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर. जीवच नकोसा वाटायला लागला, तर तेही त्याच दिवशी सांगायचं.

सासूबाईंना मात्र एका रात्री तुमच्याबरोबर चहा प्यायला बसवा आणि त्यांच्या सत्तेचाळिसाव्या वर्षाबद्दल विचारा. काय काय बाहेर येतं ते मला कळवा.

प्रश्न

पत्नी ४९ वर्षांची. मध्यरात्री मला उठवून विचारते, ‘बघा, माझे हात गार पडलेत का? नाडी बरोबर आहे ना?’ काही नाही म्हटलं तर रागावते, जरा गार आहेत म्हटलं तर रडते. सकाळी सातला मला ड्यूटीवर निघायचं असतं. काय बोलावं?

— एक नवरा, कुडचडे

उत्तर

भाऊ, रात्री काय बोलायचं ते दिवसा ठरवा. दोघं शांत असताना तिला सांगा की डॉक्टरांनी सगळं बघितलंय, यापुढे मी नाडी बघणार नाही, पण उठवलंस तर उठेन. मग रात्री तेवढंच : ‘भीती वाटतेय ना? मी जागा आहे. नाडी बघायची नाही असं आपलं ठरलंय.’ पंखा वाढवा, पाणी द्या, घाम आला असेल तर सुती गाऊन हाताशी ठेवा. एकच जाड पांघरूण दोघांत असेल तर आजच दोन करा. पहिले आठवडाभर ती जास्त चिडेल, तेवढं धरून चाला. डॉक्टरांकडे तिच्याबरोबर एकदा जा आणि आत गेल्यावर ‘ही फार विचार करते’ हे वाक्य तोंडातून काढू नका. तिला सगळं सांगू द्या, शेवटी राहिलेलं तुम्ही सांगा. मुख्य म्हणजे तिचं हिमोग्लोबिन आणि थायरॉईड झालंय का ते विचारा. वरच्या पत्रातल्या बाईंचं राहिलं होतं.

प्रश्न

वय ५३. पाळी जाऊन सव्वा वर्ष झालं. मागच्या आठवड्यात दोन दिवस कपड्याला डाग लागले, मग थांबले. मैत्रिणी म्हणतात, कधी कधी परत येते, काळजी करू नको. मलाही तसं काही होत नाही. दुखत नाही. दाखवायला हवं का?

— पेडणे

उत्तर

हो, आणि याच आठवड्यात. सलग १२ महिने पाळी न आल्यानंतर एक थेंबही डाग लागला तर तो पाळी म्हणून सोडून द्यायचा नसतो, दुखो वा न दुखो. दहांतल्या नऊ जणींना गंभीर काही निघत नाही. योनीची त्वचा कोरडी-पातळ झालेली असते किंवा एखादा मस्सा असतो. पण गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरची पहिली खूण बहुतेक वेळा नेमकी हीच असते, आणि तेव्हाच पकडला तर तो बरा होतो. म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात स्त्रीरोग विभागात जा. योनीमार्गातून सोनोग्राफी करतील. अस्तर चार मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असलं तर बहुधा तिथेच काम संपतं, जाड असलं तर नमुना घेतील. डाग थांबले म्हणून जाणं पुढे ढकलू नका. कुठल्या तारखेला, किती, कसल्या रंगाचे ते चिठ्ठीवर लिहून न्या, आणि रोजच्या गोळ्यांची पाकिटंही सोबत घ्या, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर. असा सल्ला देणाऱ्या मैत्रिणींपैकी एकीला बरोबर न्या. रांगेत बसायला सोबत होईल.